मरणाचा विषय काढायचा कुणी?

अर्नेस्ट बेकर यांचं ‘द डिनायल ऑफ डेथ’ १९७३ साली आलं. मरणाच्या भयापोटीच माणूस कर्तृत्वाचे, कीर्तीचे डोलारे उभारतो, हे त्यांचं म्हणणं. विचार मोलाचा, पण आपल्याला तो अपुरा वाटतो. कारण बेकर नकाराचं मूळ एकेकाच्या मनात शोधतात.

टॉलस्टॉय १८८६च्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’मध्ये अधिक खोल जातात. इव्हानला मरण कळून चुकलंय. भोवतालचे मात्र ‘आजारच आहे, बरा होईल’ हेच धरून बसतात. दुखण्याहून हे खोटं त्याला जास्त छळतं. गेरासिम हा नोकर तेवढा खोटं बोलत नाही. मालकाचे पाय खांद्यावर घेऊन बसतो, आणि इव्हानला हायसं वाटतं. म्हणजे नकार चारचौघं मिळून चालवतात. तो मोडायलाही दुसरं माणूस लागतं.

आपल्या घरांतही ‘अभद्र बोलू नका’ म्हणून विषय तोडला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली, २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी केली. पण कागदाआधी बोलणं व्हायला हवं ना? ते झालं नाही, की आयसीयूच्या दाराशी मुलं अंदाजाने निर्णय घेतात. आणि आत आपलं माणूस इव्हानसारखंच एकटं पडतं.