हँक मूडी आणि चोरीला गेलेलं हस्तलिखित



आज ज्या मालिकेबद्दल बोलायचं आहे ती घरच्यांबरोबर बसून बघण्यासारखी नाही, हे आधीच सांगून टाकतो. 'कॅलिफोर्निकेशन' तिचं नाव. टॉम कॅपिनॉस यांनी ती निर्माण केली आणि अमेरिकेत शोटाइम वाहिनीवर २००७ ते २०१४ या काळात तिची सात पर्वं झाली, एकूण ८४ भाग. नायक हँक मूडी हा कादंबरीकार. भूमिका डेव्हिड डुकॉव्हनी यांची. 'एक्स फाइल्स'मधला गंभीर चेहऱ्याचा मल्डर आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, तेच हे. या भूमिकेसाठी त्यांना २००८ मध्ये गोल्डन ग्लोब मिळाला, आणि तो योग्यच होता.

कथा थोडक्यात अशी. हँक न्यूयॉर्कचा. त्याची एक कादंबरी गाजली, हॉलिवूडने तिचे हक्क घेतले आणि त्या काळ्याकुट्ट कादंबरीचा एक गोड गोड प्रेमपट करून टाकला. हँक लॉस एंजेलिसला आला आणि तिथेच अडकला. त्याची जोडीदार कॅरन त्याला सोडून गेलीय, बिल नावाच्या सुस्थित गृहस्थाशी तिचं लग्न ठरलंय. मुलगी बेका लहान आहे, पण घरातली सगळ्यात मोठी माणूस तीच. आणि हँकला लिहिता येत नाहीये. मग तो काय करतो? पितो, भांडणं ओढवून घेतो, भेटेल त्या बाईबरोबर झोपतो आणि पुढचा एक दिवा फुटलेली काळी पोर्श घेऊन शहरभर हिंडतो.

अशा माणसाला आपण 'आत्मनाशी' म्हणतो. आमचा पहिला आक्षेप या शब्दालाच आहे. बघा, आत्मनाश म्हटलं की वाटतं, माणूस स्वतःचं वाटोळं करतोय, त्याचं त्याला लखलाभ. पण ८४ भाग बघून हिशोब मांडा. हँकचं नेमकं काय मोडलं? त्याचा देखणेपणा शाबूत, बोलण्याची धार शाबूत, काम मागायला माणसं दारात उभी. मोडतात ती आजूबाजूची माणसं. कॅरनची वर्षं जातात, बेकाचं बालपण जातं, एजंट चार्ली रंकलचा संसार विस्कटतो (त्यात चार्लीचा स्वतःचा हातभार मोठा, हे खरं). विनोद मात्र सगळा हँकच्या वाट्याला येतो. काळ्या विनोदाची ही जुनी खुबी आहे: जो माणूस सगळ्यात चांगलं बोलतो, त्याच्या बाजूला आपण नकळत जाऊन बसतो.

ही खुबी मालिकेच्या कर्त्यांना ठाऊक होती का? आम्हाला वाटतं, होती. निदान पहिली तीन पर्वं तरी होती. पुरावा म्हणजे मियाचं कथानक.

पहिल्याच भागात हँकला पुस्तकांच्या दुकानात एक मुलगी भेटते. ती त्याच्या घरी येते, दोघं झोपतात, त्या भरात ती त्याला ठोसा मारते. नंतर कळतं की ती मिया, म्हणजे कॅरनच्या होणाऱ्या नवऱ्याची मुलगी, आणि वय वर्षं सोळा. हँकला वय माहीत नव्हतं, हे मालिका आपल्याला वारंवार ऐकवते. पुढे हँकचे वडील वारतात आणि त्यानंतर इतकी वर्षं अडलेला बांध फुटतो, हँक लिहायला लागतो. एक छोटी कादंबरी तयार होते. विषय तीच रात्र. तिचं नाव या सभागृहात उच्चारण्यासारखं नाही, तेव्हा ते राहू द्या. हे हस्तलिखित मियाच्या हाती लागतं आणि ती ते स्वतःच्या नावावर छापून आणते. पुस्तक गाजतं.

आता हँकची कोंडी बघा. 'पुस्तक माझं आहे' असं म्हटलं तर 'गुन्हा माझा आहे' हेही म्हणावं लागतं. लेखकपण आणि अपराध एकाच सहीखाली आलेत. सही करायची तर दोन्हींवर, नाहीतर कशावरच नाही. लेखकांवरच्या इतक्या मालिका-चित्रपट झाले, त्यांत लेखनाची नैतिक जबाबदारी इतक्या नेमक्या कथानकात बांधलेली आम्ही फारशी पाहिलेली नाही. आपण जे जगलो ते लिहिण्याचा आपल्याला हक्क आहे, असं लेखक नेहमी म्हणतो. पण जगण्यात दुसरंही माणूस होतं ना? मियाने पुस्तक चोरलं हे उघड आहे. पण आधी तिची गोष्ट कोणी उचलली होती, हा प्रश्न मालिका न बोलता समोर ठेवते. ती रात्र तिचीही होती. एका परीने तिने आपला वाटा वसूल केला.

दोन पर्वं ही टांगती तलवार डोक्यावर ठेवून हँक हसवत राहतो, आणि म्हणूनच त्या हसण्याला वजन आहे. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी तो कॅरनला सगळं सांगतो. तिथे विनोद थांबतो. आम्हाला तो प्रसंग मालिकेचा कळस वाटतो.

आणि मग चौथं पर्व येतं. प्रकरण बाहेर फुटतं, हँकवर खटला चालतो, आणि बाजार काय करतो? त्याला डोक्यावर घेतो. पुस्तक हँकचं आहे हे जगाला कळल्यावर त्यावर चित्रपट निघायला लागतो. एडी नीरो नावाचा विक्षिप्त नट (रॉब लो यांनी धमाल केलीय) हँकची भूमिका करायची म्हणून हँकच्या मागेमागे फिरतो. बदनामी हीच जाहिरात होते. इथपर्यंत उपहास झणझणीत आहे. हॉलिवूडची ओळख आहे ती. पण मालिका जो आरसा हॉलिवूडपुढे धरते, तो स्वतःपुढे धरत नाही. हँक दोषी ठरतो, तुरुंगात मात्र जात नाही. मधल्या काळात त्याचं आपल्या वकीलबाईंशीही जुळतं. मियाचं काय झालं, तिला या सगळ्याचा काय त्रास झाला, याची चौकशी करायला कोणी थांबत नाही. कर्ते आपल्या नायकाच्या प्रेमात पडले, असं आमचं सरळ म्हणणं आहे. पुढच्या पर्वांत कधी रॅपर येतो, कधी रॉक ऑपेरा येतो, प्रसंग तेच. पाचव्या-सहाव्या पर्वावर जास्त बोलून तुमचा वेळ घेत नाही.

इथे जरा लेखकांच्या इतिहासाकडे वळू, कारण हँक आकाशातून पडलेला नाही. लॉस एंजेलिसमध्ये न्यूयॉर्कचा कादंबरीकार येऊन बुडतो, ही तिकडची जुनी कहाणी. स्कॉट फिट्झजेराल्ड हे तिचं मोठं नाव. १९४० च्या डिसेंबरमध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी ते तिथेच गेले, कादंबरी अर्धवट ठेवून. पण शेवटच्या काळात त्यांनी 'एस्क्वायर' मासिकासाठी पॅट हॉबी या पात्रावर सतरा कथा लिहिल्या. पॅट हा दारूत आणि लबाडीत गेलेला, कालबाह्य झालेला पटकथा-लेखक. म्हणजे आत्मनाशी लेखकावरचा काळा विनोद हा ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच लिहून झाला होता, आणि तो लिहिणारा माणूस स्वतः त्याच वाटेवर होता. फरक असा की फिट्झजेराल्ड पॅटला मोहक करत नाहीत. पॅट क्षुद्र आहे, आणि आपण हसतो ते त्याच्या क्षुद्रपणाला. तो हवाहवासा वाटावा अशी सोयच ठेवलेली नाही.

दुसरे चार्ल्स ब्युकॉव्स्की. त्यांच्या कादंबऱ्यांतला हेन्री चिनास्की, त्यालाही 'हँक' म्हणतात. नावाचं हे नातं चाहत्यांना लगेच कळतं. ब्युकॉव्स्की म्हटलं की बाटली आठवते. पण तो माणूस दहा वर्षांहून जास्त काळ टपाल खात्यात खपला आणि रात्री लिहीत राहिला. नोकरी सोडल्यावर 'पोस्ट ऑफिस' ही कादंबरी १९७१ साली आली. बाटली चित्रात छान दिसते, टाइपरायटरपुढे घालवलेले तास दिसत नाहीत. म्हणून दंतकथेत बाटली उरते.

आणि ज्यांना वाटतं की नशा गेली की प्रतिभाही जाते, त्यांच्यासाठी रेमंड कार्व्हर. त्यांनी २ जून १९७७ ला दारू सोडली. 'कॅथीड्रल' हा त्यांचा संग्रह १९८३ चा. ती शीर्षककथा वाचून बघा, आणि मग आपण बोलू.

गंमत म्हणजे हँकची मालिकाही हेच दाखवते, पण बोलत नाही. हँक पितो तेव्हा लिहीत नाही. त्याचं लेखन फुटतं ते वडील गेल्यावर, म्हणजे दुःखाला तोंड द्यावं लागतं तेव्हा. पिणं हे त्याचं न लिहिण्याचं साधन आहे. आमच्याकडच्या कवी-कलावंतांच्या बैठकीत हे वाक्य म्हटलं तर वाद होईल, व्हावा.

आपल्या रंगभूमीची इथे आठवण होते ती उगाच नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त दारूचा विनोद आणि दारूची शोकांतिका या दोन माणसांत वाटून दिल्या आहेत. तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ हसवतं, सुधाकर बुडतो, आणि किंमत सिंधूच्या अंगावर पडते. प्रेक्षक तळीरामला हसले तरी पुढच्या प्रवेशात सिंधू समोर येते, सुटका नाही. हँक हा तळीराम आणि सुधाकर एकाच कातडीत आहे. त्यामुळे त्याचं बुडणंही हसण्यावारी जातं. पुढचा प्रवेश यायच्या आत भाग संपतो. सिंधूसारखी पतिव्रता आज कोणालाच नको, आम्हालाही नको. पण गडकऱ्यांनी तिला रंगमंचावरून हटवलं नाही, हे त्यांचं बळ आहे.

कॅरनचं पात्र नताशा मॅकेल्होन जीव ओतून करतात, पण लेखकांनी तिला वाट बघण्यापलीकडे फार काम दिलेलं नाही. ज्या माणसाच्या चेहऱ्यावर खरा हिशोब दिसतो ती बेका. मॅडेलिन मार्टिन ही मुलगी मालिकेबरोबर मोठी झाली, आणि तिचं बापाकडे बघणं बदलत गेलं. आधी कौतुक, मग सहनशक्ती, मग कंटाळा. पुढे बेका एका तरुण लेखकाच्या प्रेमात पडते. तो हुबेहूब तिच्या बापासारखा, आणि हँकला तो मुळीच सहन होत नाही. डुकॉव्हनी तिथे जे करतात ते बघण्यासारखं आहे. तोच मिस्कीलपणा, तेच शब्द दुसऱ्याच्या तोंडी ऐकताना हँकचा चेहरा उतरत जातो. पाच पर्वं ज्याला आपण हसलो ते बाप म्हणून बघितलं तर कसं दिसतं, हे त्या चेहऱ्यावर आहे. त्यापुढे जाऊन बेकाला स्वतःलाच लेखक व्हावंसं वाटतं, आणि तिला वाचून दाखवावं लागतं ते बापालाच. मालिका तिथे थांबली असती तर बरं झालं असतं.

पण ती विमानात संपते. २९ जून २०१४ च्या अखेरच्या भागात हँक कॅरनला लिहिलेलं पत्र प्रवाशांच्या देखत मोठ्याने वाचतो. पत्र सुंदर आहे, यात वाद नाही. डुकॉव्हनींचा आवाज लागतो, गळा दाटतो, आमचाही दाटला. हँकच्या तोंडून त्याचं स्वतःचं असं सलग लेखन फार वेळा ऐकायला मिळत नाही, ते इथे मिळतं. प्रेम आहे, पश्चात्ताप आहे, एकत्र म्हातारं होण्याची इच्छा आहे. मियाचं नाव त्या पत्रात नाही.