मुक्तीचा दिवस की मुक्तांचा?

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ३१ ऑगस्ट हा 'भटके विमुक्त दिवस' म्हणून पाळण्याचे ठरवले. स्वागत व्हायलाच हवे. पण नाव निरखून पाहिले पाहिजे. कार्यकर्ते पालापालांवर आजवर 'विमुक्त दिन' पाळत आले, तो एका घटनेचा दिवस होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. शासकीय नावात ती घटना उरली नाही, फक्त समाज उरला. कोण मुक्त झाले ते कळते, कोणापासून ते कळत नाही.

अमेरिकेत गुलामाचा मालक मळेवाला होता. लिंकनच्या जाहीरनाम्यानंतर अडीच वर्षांनी, १९ जून १८६५ रोजी, टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनला मुक्तीची वार्ता पोचली. तेथील कृष्णवर्णीयांनी सहीचा नव्हे, वार्ता पोचल्याचा दिवस आपला मानला. २०२१ मध्ये तो राष्ट्रीय सुटीचा झाला. आपल्याकडे माणसाला जन्मतः गुन्हेगार ठरवणारे, हजेरी घेणारे, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड कोंडणारे खुद्द सरकारच होते. तेव्हा या दिवशी सरकारची जागा व्यासपीठावर नाही, आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. शाल-श्रीफळाने हे भागणार नाही.

आपली तारीख सहीची आहे. वार्ता पोचली का? लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'चे (१९८७) आपल्या समीक्षकांनी अनुभवाच्या वेगळेपणासाठी कौतुक केले. हे कौतुक मला नेहमीच थोडे सोयीचे वाटत आले आहे. त्यातले बालपण कायदा रद्द झाल्यानंतरचे आहे, तरी पोलीस घरात शिरतात. हे वेगळेपण नव्हे, हा राज्यव्यवहार आहे. जुन्या कायद्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये. विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदीही त्यांत होत्या. बहात्तर वर्षे वार्ता तुरुंगाच्या दाराशी अडली होती.

लाखनीत माझ्या वर्गात विमुक्त जातीतला एक मुलगा आहे. जातीच्या दाखल्यासाठी त्याच्याकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला गेला. आजोबा पालात जन्मले, पालात मेले. शाळेच्या दाखलखारिजात नाव नाही, सातबारा नाही. माझ्या बापाचेही शाळेत नाव नव्हते, पण निदान गाव होते. मुलाने विचारले, "सर, हजेरीच्या बुकात नाव सापडले तर चालेल का?"

ती बुके जिथे असतील तिथून शासनाने बाहेर काढावीत आणि त्यांच्या नकला नातवंडांना विनाशुल्क द्याव्यात. भाषणे त्यानंतर ठेवावीत.