‘द केमिकल वेडिंग’ : विल्यम ब्लेकच्या प्रतिमासृष्टीचे हेवी मेटल वाचन

प्रस्तावना :
विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) हा कवी आपल्या महाविद्यालयीन वर्गात प्रामुख्याने छोट्या भावकवितांमधून भेटतो. त्याची दीर्घ, भविष्यवेत्त्याच्या स्वरातील काव्ये दुर्बोध म्हणून बहुधा अभ्यासक्रमाबाहेर राहतात. हेवी मेटल या अभिजनांनी उपेक्षिलेल्या संगीतप्रकारातील एका गायकाने मात्र नेमक्या याच काव्यांकडे वळावे, ही बाब विचारप्रवर्तक आहे. ‘आयर्न मेडन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये वृंदातून बाहेर पडला व १९९९ मध्ये परतला. दरम्यानच्या काळात, १९९८ मध्ये, ‘द केमिकल वेडिंग’ हा त्याचा पाचवा स्वतंत्र अल्बम प्रसिद्ध झाला. त्यातील दहा गीतांच्या आशयसूत्रांचा विचार करून हे ब्लेकचे केवळ अनुकरण आहे की स्वतंत्र अन्वयार्थ, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

शीर्षक आणि किमया :
अल्बमचे शीर्षक थेट ब्लेककडून आलेले नाही. १६१६ मध्ये स्ट्रासबर्ग येथे प्रसिद्ध झालेल्या व योहान फालेन्टीन आंद्रेए याच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या रोझिक्रुशियन कथेशी त्याचे नाते आहे. सात दिवसांच्या त्या कथेत राजघराण्यातील स्त्रीपुरुषांचा शिरच्छेद होतो आणि किमयेच्या प्रयोगातून राजा व राणी पुन्हा जिवंत होतात. मृत्यूवाचून मीलन नाही, हे किमयाविद्येचे मूलसूत्र होय. शीर्षकगीतातील विवाह म्हणूनच मंडपात नव्हे, तर एकाच थडग्यात घडतो. ब्लेक ताम्रपटावर आम्लाने कोरून आपली पुस्तके छापीत असे. त्याची निर्मितीच एका अर्थाने रासायनिक होती. त्यामुळे किमया आणि ब्लेक यांची डिकिन्सनने घातलेली सांगड ओढूनताणून आणलेली वाटत नाही. मुखपृष्ठावरील ‘द घोस्ट ऑफ अ फ्ली’ (सुमारे १८१९–२०) हे सोन्याचा वापर केलेले ब्लेकचे छोटेसे चित्रही या सांगडीला पूरक ठरते.

थेल : नकाराची नायिका :
‘बुक ऑफ थेल’ हे गीत अल्बमच्या मध्यावर येते. ब्लेकच्या १७८९ च्या काव्यातील थेल ही कुमारी आपल्या क्षणभंगुरतेने व्याकूळ होते. लिलीचे फूल, मेघ, कृमी आणि मातीचे ढेकूळ यांच्याशी ती संवाद करते. मातीच्या घरात शिरल्यावर स्वतःच्या थडग्यातून येणारा आवाज ऐकून ती किंचाळत मागे पळते. शीर्षकगीतातील वधूवर ज्या थडग्यात स्वेच्छेने विसावतात, त्याच थडग्यापासून थेल पळ काढते. ही दोन गीते शेजारी ठेवून ऐकली असता अल्बमचा अंतर्गत युक्तिवाद स्पष्ट होतो : अनुभवात उतरण्यास नकार देणाऱ्याला रूपांतरही लाभत नाही.

युरिझेन आणि जेरुसलेम :
युरिझेन हा ब्लेकच्या पुराणकथेतील नियम घालून देणाऱ्या, मोजमाप करणाऱ्या बुद्धीचा अधिपती. ‘गेट्स ऑफ युरिझेन’नंतर लगेच ‘जेरुसलेम’ येते, हा क्रम अर्थपूर्ण आहे. ‘मिल्टन’ या काव्याच्या प्रस्तावनेतील ब्लेकच्या या ओळींना १९१६ मध्ये, महायुद्धाच्या काळात, ह्यूबर्ट पॅरीने चाल दिली आणि त्या इंग्लंडच्या देशभक्तीचे समूहगीत बनल्या. डिकिन्सन पॅरीची चाल बाजूला ठेवतो, संथ गिटारवर नवी चाल बांधतो आणि ब्लेकच्या शब्दांना स्वतःच्या ओळी जोडतो. गिरण्यांच्या इंग्लंडविरुद्ध उभा असलेला कवी अशा रीतीने राष्ट्रीय सोहळ्यांतून मोकळा होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते अल्बमचे हे सर्वात मोलाचे समीक्षात्मक कार्य होय.

मर्यादा :
तथापि एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. ‘द मॅरेज ऑफ हेवन अँड हेल’मध्ये ब्लेकने परस्परविरोधी तत्त्वांच्या संघर्षालाच प्रगतीचे मूळ मानले. हे विरोध मिटावेत अशी त्याची अपेक्षा नाही. किमयाविद्या मात्र द्वंद्वाचे एका द्रव्यात विलीनीकरण साधू पाहते. ‘द अल्केमिस्ट’ या अखेरच्या गीतात शीर्षकगीताचे ध्रुपद परत येते आणि वर्तुळ पूर्ण होते. ब्लेकची धग येथे समन्वयात काहीशी निवते. ‘द टॉवर’मधील टॅरो पत्त्यांच्या प्रतिमाही ब्लेकपेक्षा प्रचलित गूढविद्येच्या अधिक जवळच्या आहेत.

शब्दांनी मिटवलेला हा विरोध संगीत मात्र जिवंत ठेवते. रॉय झी आणि एड्रियन स्मिथ यांच्या खर्जात उतरवलेल्या गिटारींचा जड थर खाली पसरतो आणि डिकिन्सनचा तार सप्तकातील स्वर त्यावर झगडत राहतो. आर्थर ब्राउनच्या आवाजातील ब्लेकच्या ओळींचे पठण या दोहोंपासून अलिप्त राहते. हे थर एकमेकांत विरघळत नाहीत.

समारोप :
सारांश, ‘द केमिकल वेडिंग’ हे ब्लेकचे सुलभीकरण नसून किमयेच्या दृष्टीने केलेले एक वाचन आहे. ते अंशतः एकांगी आहे, पण निष्ठावान आहे. लोकप्रिय कला अभिजात साहित्याची केवळ उसनवारी करते, या गृहीतकाचा त्यामुळे फेरविचार करावा लागतो. जी काव्ये आपण दुर्बोध म्हणून वर्गाबाहेर ठेवली, ती एका गायकाने हजारो श्रोत्यांच्या कानी घातली. साहित्याच्या अध्यापकांनी या वस्तुस्थितीची दखल घेणे अगत्याचे आहे.