कळफलकातला संगणक

शाळेतला जुना संगणक रखडू लागला, की त्याजागी लहान, स्वस्त यंत्र घ्यावेसे वाटते. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला 'रास्पबेरी पाय ४००' हे त्याचे चांगले उदाहरण. कळफलकाच्या पोटातच सारा संगणक. ५ व्होल्ट, ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅटचा पुरवठा त्याला पुरतो. मागच्या ४० पिनांना एलईडी किंवा तापमानाचा संवेदक जोडून विद्यार्थ्यांना प्रयोग करता येतात. नेहमीच्या संगणकात ही सोय नसते.

पण आटोपशीरपणाची किंमतही मोजावी लागते. ४ जीबी मेमरी वाढवता येत नाही. सारी माहिती नखाएवढ्या कार्डावर असते. ते बिघडले आणि दुसरी प्रत नसली, तर वर्षभराचे काम जाते. वीज गेल्यावर वेळ राखणारे घड्याळ यात नाही. त्यामुळे इंटरनेट नसेल तर प्रयोगाच्या नोंदींवर चुकीची वेळ पडते. प्रोसेसर एआरएम जातीचा असल्याने विंडोजसाठी केलेली जुनी मराठी टंकलेखनाची सॉफ्टवेअर सरळ चालत नाहीत.

म्हणून प्रयोगशाळेसाठी हे यंत्र उत्तम. कार्यालयासाठी मात्र गैरसोयीचे. आधी कामांची यादी करावी. आकार आणि किंमत त्यानंतर पाहावी.