चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

मी खंडाळ्याची. लोणावळ्याजवळचं नव्हे हं, आपलं सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाजवळचं. इथे वरात निघाली की बँडवाले अजूनही ‘भोली सूरत’ वाजवतात आणि पोरं भगवानदादांसारखी नाचतात. १९५१ च्या ‘अलबेला’तलं हे गाणं. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर. इतकं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यांच्या सोबत काम करणाऱ्या एका ट्रम्पेटवादकाचं नाव मला एम.एस्सी. होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यातलं हळदोणे. मुंबईत त्याला सगळे ‘चिक चॉकलेट’ म्हणायचे. ताजमहाल हॉटेलात त्याचा जॅझ बँड वाजायचा. सी. रामचंद्रांचा तो सहायक होता. ‘अलबेला’च्या पडद्यावर तो बँडसह दिसतो आणि त्याच वर्षीच्या ‘नादान’चा संगीतकार तोच. १९६७ साली, पन्नाशीच्या आसपास तो गेला.

त्याच्या आठवणीत लिहिलेलं काहीही वाचा, ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ ही पदवी भेटतेच. प्रेमानेच दिलेली आहे आणि तो आर्मस्ट्राँगच्या ढंगात वाजवायचा हेही खरं. तरी माझी तक्रार आहे. ही पदवी तो कुणासारखा वाजवायचा ते सांगते, तो घडला कसा ते नाही. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची. मुंबईच्या स्टुडिओंना कागदावरचं संगीत बघून लगेच वाजवणारी माणसं हवी होती. म्हणून कितीतरी गोवेकर वादक रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमासाठी वाजवत. चिकला समजून घ्यायचं तर न्यू ऑर्लिन्सच्या आधी हळदोण्याला जावं लागतं.

आता माझी चूक सांगते, तुमच्या उपयोगाची आहे. जुन्या रेकॉर्डमधून वाद्यांचे आवाज वेगळे काढणं हे माझं काम. पहिल्या वर्षी एका तक्त्यात १९५० च्या दशकातल्या एका गाण्यापुढे मी बिनधास्त लिहिलं, ‘ट्रम्पेट : चिक चॉकलेट’. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, “कशावरून?” मी म्हटलं, “सर, सगळे तसंच म्हणतात.” ते काही बोलले नाहीत. मला जे कळायचं ते कळलं.

आवाजाच्या आलेखावरून मला एवढंच म्हणता येत होतं की हा ट्रम्पेट आहे. वाजवणारा कोण, हे त्यात नव्हतं. रेकॉर्डवर वादकांची नावं सहसा छापतच नसत. मग राहतात आठवणी. ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) अशाच आठवणींवर उभं आहे. त्यांनी स्टुडिओतल्या वादकांनाच गाठून बोलतं केलं. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये (२०१२) मुंबईच्या जॅझचा काळ उभा राहतो. ही पुस्तकं नसती तर आपल्याकडे पदवीच उरली असती, माणूस नाही. पण दोन्ही वाचताना वहीत तीन रकाने आखा : कागदावर किंवा पडद्यावर दिसतं ते, कुणीतरी आठवून सांगितलं ते आणि आपण जोडलं ते. आठवण हा पुरावाच आहे. फक्त कुणी, कधी, किती वर्षांनी सांगितलं हे शेजारी लिहायला हवं.

तुम्ही म्हणाल, गेलेल्या माणसाला थोडं जास्त श्रेय दिलं तर बिघडलं काय? मलाही आधी तसंच वाटायचं. पण प्रत्येक जुना ट्रम्पेट चिकच्या नावावर टाकला, तर त्या दिवशी खरोखर वाजवणारा दुसरा कुणीतरी कायमचा पुसला जातो. अंदाजाने दिलेलं श्रेय कुणाच्या तरी वाट्याचं असतं. प्रयोगशाळेत रात्रभर यंत्र सांभाळणाऱ्याचं नाव शोधनिबंधात नसलं की कसं वाटतं, हे तुम्हालाही लवकरच कळेल.

तक्त्यातली ती ओळ मी बदलली : ‘ट्रम्पेट : वादक अनिश्चित’. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण चिकवरचं माझं प्रेम त्याने कमी झालं नाही. ‘नादान’ची गाणी मी आता जास्त लक्ष देऊन ऐकते, कारण तिथे त्याचं नाव आहे.

आणि मागच्या वरातीत ट्रम्पेटवाल्या काकांना पहिल्यांदाच त्यांचं नाव विचारलं. वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.