सावर्डे ते महालक्ष्मी

आर्ट फेअरमध्ये चित्रकाराला एकट्याने शिरता येत नाही. त्याला गॅलरी घेऊन जाते. २००८ साली 'इंडिया आर्ट समिट' म्हणून सुरू झालेला दिल्लीचा मेळा असो, की २०२३पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर भरणारं 'आर्ट मुंबई', तिथले बूथ मुख्यतः व्यावसायिक गॅलऱ्यांचे असतात. जागेचं भाडं, वाहतूक, विमा हे सारं गॅलरी पाहते आणि चित्र विकलं गेलं की किमतीतला मोठा वाटा, बहुधा निम्मा, घेते. रत्नागिरी जिल्ह्यातला तरुण चित्रकार या मेळ्यांत क्वचितच दिसतो, आणि त्याचं कारण हाताची कमतरता हे नाही.

हात इथे उत्तम घडतात. चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्याच्या सह्याद्री स्कूल ऑफ आर्टमधली मुलं जांभ्याचे गडगे, पाणी भरलेली खाचरं, ओली कौलं जलरंगात अशी उतरवतात की कागदाला पावसाचा गारवा यावा. पुढची वाट मात्र ठरलेली: स्पर्धा, बक्षीस, आणि जहांगीरसाठी अर्ज. १९५२ साली उघडलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीने महाराष्ट्रातल्या चित्रकारांवर मोठे उपकार केले आहेत. पण तिथला हॉल भाड्याचा. फ्रेम, टेम्पो, निमंत्रणपत्रिका सगळं चित्रकारानेच करायचं. आठवडा संपला की उरलेली चित्रं बांधून गावी न्यायची. पुढच्या कामाबद्दल विचारणारं कुणी नसतं.

जहांगीरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर १९६३पासून २००७पर्यंत केकू आणि खोर्शेद गांधी यांची केमोल्ड गॅलरी होती. तिथे भाडं भरून जागा मिळत नसे; गॅलरी निवड करी आणि निवडलेल्याला वर्षानुवर्षं धरून राही. चित्रकार अतुल दोडिया यांचं पहिलं एकल प्रदर्शन १९८९ साली तिथेच झालं. गॅलरीचं खरं काम हे धरून राहणं आहे. मेळ्यातली विक्री हे त्याचं फळ.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते पाहा. खाणींच्या मुलखातला हा चित्रकार कोळशानेच भिंती रेखाटू लागला, कोलकात्याच्या एक्स्पेरिमेंटर गॅलरीने त्याला जगापुढे नेलं आणि २०२२ साली त्याचं काम व्हेनिस बिएनालेत होतं. रत्नागिरीकडे विषय काय कमी आहेत? बारसूच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, त्याच परिसरात रिफायनरीचा वाद पेटला. हा ताण मला सावर्ड्याच्या जलरंगांत हवा आहे. तिथलं कोकण अजून फार नितळ आहे. नजर सुंदर जागा शोधते आणि खणलेला डोंगर चौकटीबाहेर ठेवते.

तरीही जलरंगाला जुनाट म्हणून बाजूला सारणाऱ्या मंडळींशी माझं भांडण आहे. माध्यम जुनं होत नाही. अडचण मेळ्याच्या हिशेबाची आहे: तिथला खर्च एवढा, की गॅलऱ्या खात्रीची नावं आणि लांबून डोळ्यांत भरणारे मोठे कॅनव्हास लावतात. कागदावरच्या हळुवार कामाला कोपरा मिळतो. बूथवरचा मजकूरही बहुतेक इंग्रजीतच. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात चित्राचा सूक्ष्म विचार मराठीत मांडला होता; तसं गंभीर लेखन आज नव्या चित्रकाराच्या वाट्याला येत नाही, आणि गॅलरीही ते लिहून घेत नाही.

द गिल्डसारखी गॅलरी कुलाब्याहून अलिबागजवळ येऊन काम करू शकते. मग मुंबईच्या गॅलरीवाल्यांनी सावर्ड्याच्या वार्षिक प्रदर्शनाला यावं, दोघा-तिघांना निवडावं आणि मेळ्याची घाई न करता त्यांना पाच वर्षं काम करू द्यावं.