जागतिक आरोग्य आणि नवोदित संशोधक : प्रश्नावरील हक्काचा प्रश्न

'जागतिक आरोग्य' ही संज्ञा आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत, निधी देणाऱ्या संस्थांच्या पत्रकांत आणि परिषदांच्या शीर्षकांत सर्रास आढळते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या संशोधकांना साहाय्य केले पाहिजे, याविषयी कोठेही मतभेद दिसत नाही. चिंतेची बाब नेमकी हीच आहे. कारण साहाय्य म्हणजे काय, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच जात नाही. शिष्यवृत्ती, परदेशातील प्रशिक्षण, लेखनकार्यशाळा, परिषदेचा प्रवासखर्च अशी साहाय्याची यादी केली जाते. ही साधने उपयुक्त आहेत. परंतु संशोधनाचा प्रश्न कोणी निवडायचा आणि त्या प्रश्नाच्या सान्निध्यात किती वर्षे राहता यायचे, या दोन बाबींना त्या यादीत क्वचितच स्थान असते. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे गडचिरोलीच्या उदाहरणावरून या उणिवेचा विचार केला आहे.

'कमिशन ऑन हेल्थ रिसर्च फॉर डेव्हलपमेंट' या स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० साली जगातील आरोग्यसंशोधनाचा हिशेब मांडला. अकाली मृत्यूंमुळे वाया जाणाऱ्या आयुष्याचा सुमारे ९३ टक्के भार विकसनशील देशांवर होता. आरोग्यसंशोधनावरील जागतिक खर्चापैकी त्यांच्या प्रश्नांसाठी मात्र जेमतेम ५ टक्के रक्कम खर्च होत होती. प्रत्येक देशाने स्वतःची संशोधनक्षमता उभी करावी, ही त्या आयोगाची प्रमुख शिफारस होय. पुढील काळात या तफावतीची चर्चा बहुतांशी रकमेच्या अंगाने झाली. रक्कम वाढली तरी प्रश्न ठरविणारे टेबल दूर कोठेतरी राहू शकते, हा मुद्दा मागे पडला.

गडचिरोलीविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखनाचा सूर 'सेवा' आणि 'त्याग' यांचा आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी शहरातील व्यवसाय सोडून आदिवासी भागात जाणे या लेखनात ठळक होते, आणि त्यांनी तेथे संशोधन केले ही गोष्ट गौरवाच्या ओघात तळटिपेसारखी उरते. वस्तुतः नवोदित संशोधकाच्या दृष्टीने शिकण्यासारखे जे आहे ते त्या तळटिपेतच आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतल्यावर या दोघांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था स्थापन केली, तेव्हा दोघेही पस्तिशीच्या आसपास होते. जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यात लेखक म्हणून पहिले नाव राणी बंग यांचे आहे. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांभोवती फिरणाऱ्या तत्कालीन धोरणात ग्रामीण स्त्रीला गर्भाशय होते, पण त्या गर्भाशयाला आजार नव्हते. हा प्रश्न वर्षभराच्या दौऱ्यावर आलेल्या अभ्यासकाच्या हाती लागला असता, असे वाटत नाही.

नवजात बालकांविषयीचे काम याहून बोलके आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या क्षेत्रीय चाचणीत ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा पुरविण्यात आली आणि ४७ गावे तुलनेसाठी राखण्यात आली. डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. गावांची निवड यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती, ही या अभ्यासाची मर्यादा आहे. पुढे बांगलादेशातील सिल्हेट येथे यादृच्छिक पद्धतीने झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २००८) ही घट ३४ टक्के भरली. प्रमाण कमी असले तरी दिशा तीच होती. भारत सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून २०११ मध्ये स्वीकारली. म्हणजे चाचणीच्या आरंभापासून धोरणापर्यंत अठरा वर्षे लागली. तीन वर्षांच्या अनुदानावर काम करणाऱ्या, दुसऱ्याच वर्षी शोधनिबंध दाखवावा लागणाऱ्या तरुण संशोधकाला हा कालावधी कोण देणार?

येथे आणखी एक धागा लक्षात घेण्यासारखा आहे. जॉन्स हॉपकिन्स येथील डॉ. कार्ल टेलर यांचा जन्म मसुरीजवळचा, आणि त्यांचे महत्त्वाचे संशोधन पंजाबातील नारंगवाल या खेड्यातले. बालकांच्या न्यूमोनियावर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उपचार करण्याचा प्रयोग तेथे झाला होता. नारंगवालचा प्रकल्प १९७४ मध्ये बंद पडला. परंतु जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे व पुढे बंग दांपत्य हे टेलर यांचेच विद्यार्थी. गडचिरोलीत न्यूमोनियावर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९० मध्ये आले, तेव्हा नारंगवालची कल्पना नव्या भूमीत रुजली होती. एकाकी ध्येयवादाची कथा म्हणून जे सांगितले जाते, त्याच्यामागे अशी एक गुरुपरंपरा होती. या परंपरेत मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला स्वतःच्या प्रकल्पात बांधून ठेवले नाही. त्याच्या गावी जाऊ दिले.

गौरवकथेचा दोष असा की, ती व्यवस्थेला मोकळे सोडते. ध्येय असेल तर मार्ग सापडतोच, असे एकदा ठरले की मार्ग बांधण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. आपल्याकडील पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्याची स्थिती पाहिली की हे स्पष्ट होते. प्रबंधाचा विषय बहुधा विभागात आधीच ठरलेला असतो आणि रुग्णालयाच्या नोंदींतून तो मुदतीत उरकला जातो. परीक्षेस पात्र ठरण्यासाठी एक शोधनिबंध प्रसिद्ध, स्वीकृत किंवा निदान प्रसिद्धीसाठी पाठविलेला असावा, अशी अट तेथे अनेक वर्षे होती. विद्यापीठ अनुदान आयोगानेही पीएच.डी.साठी शोधनिबंधाची अट घातली आणि २०२२ च्या नियमावलीत ती काढून टाकली. दरम्यान पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा जो बाजार फोफावला, त्याची फळे महाविद्यालयीन नियतकालिकांनाही चाखावी लागली आहेत. संख्येची सक्ती म्हणजे प्रोत्साहन, असा हा समज होता.

याउलट काही अलीकडचे प्रयत्न अधिक विचारपूर्वक झालेले दिसतात. आफ्रिकेत २००८ मध्ये सुरू झालेल्या 'कार्टा' या विद्यापीठसंघात पीएच.डी. करणारे अध्यापक आपापल्या विद्यापीठातील नोकरी सोडून जात नाहीत. प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत येते. उष्णकटिबंधीय रोगांवरील संशोधनासाठी १९७५ पासून काम करणाऱ्या 'टीडीआर' या कार्यक्रमानेही २०१५ पासून पदव्युत्तर शिष्यवृत्तीसाठी ढाका, योग्यकर्ता, जोहान्सबर्ग, बैरूत यांसारख्या ठिकाणची विद्यापीठे निवडली. तथापि प्रशिक्षणाची जागा बदलली म्हणजे निधीची नाडीही बदलली, असे होत नाही. अमेरिकेच्या 'एनआयएच' या संस्थेने मे २०२५ मध्ये परदेशी सहयोगी संस्थांना दिली जाणारी उप-अनुदाने नव्याने न देण्याचे जाहीर केले, तेव्हा अशा अनुदानावर उभ्या असलेल्या संशोधनगटांचे भवितव्य एका पत्रकाने टांगणीला लागले. ज्येष्ठांना निवृत्तिवेतन असते. अशा वेळी आधी जाते ती कंत्राटी तरुणाची जागा.

लेखकत्वाचा वाद याच्याशीच निगडित आहे. माहिती एका देशातून आणि पहिले वा शेवटचे नाव दुसऱ्या देशातील, या प्रथेवर केपटाऊन येथील २०२२ च्या परिषदेतून निघालेल्या निवेदनात टीका आहे आणि ती रास्त आहे. मात्र देशांच्या सीमेवर ती थांबते. गडचिरोलीच्या चाचणीत नवजात बालकाचे वजन करणाऱ्या, श्वास मोजणाऱ्या, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणाऱ्या गावातील स्त्रियांचे शिक्षण पाचवी ते दहावीपर्यंतचे होते. संशोधनाचा आधार त्यांच्या नोंदवह्या होत्या. 'नवोदित संशोधक' या पदाची जी व्याख्या निधीसंस्था करतात, तिच्यात पीएच.डी. मिळाल्यापासूनची वर्षे मोजली जातात. या स्त्रियांची वर्षे मोजण्यासाठी त्या व्याख्येत अद्याप रकाना नाही.